यूसीचा अर्ज: दहावीच्या मार्कलिस्टपासून आय-ट्वेंटीपर्यंत

दिवाळी आटोपली की मला भारतातून फोन यायला लागतात. "मावशी, यूसीचा फॉर्म भरलाय, एकदा नजर टाकशील का?" यूसी म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया. मी कॅलिफोर्नियात राहते, एवढीच खरं तर माझी पात्रता. पण नात्यातल्या आणि नात्यातल्यांच्या ओळखीतल्या पोरांचे फॉर्म व्हिडिओ कॉलवर ओळ न् ओळ वाचून आता एक गोष्ट लक्षात आली आहे. चुका दरवर्षी त्याच असतात. मुलं हुशारच असतात, पण आपल्या बोर्डाची भाषा वेगळी आणि या फॉर्मची वेगळी, तिथे घोळ होतो. म्हणून एकदाच सगळं बैजवार लिहून ठेवते. हे फक्त बारावीनंतर थेट पदवीला येणाऱ्यांसाठी आहे. एमएसचं सगळं निराळं.

आधी, कुठे अर्ज करतोय ते

यूसी हे कॅलिफोर्निया राज्याचं सरकारी विद्यापीठ, स्थापना १८६८ ची. कॅम्पस दहा. त्यातला सॅन फ्रान्सिस्कोचा फक्त वैद्यकीय आणि आरोग्याशी संबंधित उच्च शिक्षणाचा, तिथे पदवीला प्रवेश नाही. राहिले नऊ: बर्कली, लॉस एंजेलिस (हेच यूसीएलए), सॅन डिएगो, डेव्हिस, अर्वाइन, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ, रिव्हरसाइड आणि मर्सेड. नऊंसाठी फॉर्म एकच, यूसीच्या स्वतःच्या साइटवर. कॉमन ॲपवर, म्हणजे अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांच्या सामाईक फॉर्मवर, शोधत बसू नका, तिथे यूसी नाही.

नावांचा गोंधळ फार होतो. कॅल स्टेट म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, सॅन होजे स्टेट वगैरे. तीही सरकारीच, पण संस्था वेगळी आणि फॉर्मही वेगळा. यूएससी, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया, तर पूर्ण खासगी. एका भाचीच्या यादीत हे तिन्ही "यूसी" या एकाच मथळ्याखाली होते.

पैशाचं बोलणं आधी घरात करा

सरकारी म्हणजे स्वस्त, हा आपला हिशेब इथे लागू पडत नाही. सरकार कॅलिफोर्नियाचं, तेव्हा सवलत कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना. बाहेरून येणाऱ्याला, मग तो शेजारच्या नेवाडातला असो की नाशिकचा, नेहमीच्या फीवर वेगळं जादा शुल्क पडतं. २०२५ च्या फॉलमध्ये, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरच्या सत्रात, दाखल झालेल्यांसाठी नुसतं हे जादा शुल्क वर्षाला ३७,६०२ डॉलर होतं. फी, राहणं, जेवण, विमा सगळं धरलं की बर्कली किंवा यूसीएलएचा वर्षाचा खर्च ८० हजार डॉलरच्या घरात जातो. गुणिले चार. परदेशी विद्यार्थ्याला पदवीसाठी सरकारी मदत मिळत नाही, आणि गुणवत्तेच्या शिष्यवृत्त्या अगदी मोजक्या. त्यांच्यावर घराचं बजेट उभं करू नका.

एक बरी गोष्ट आहे. २०२२ पासून ज्या वर्षी तुम्ही दाखल होता, त्या वर्षाची शिकवणी फी तुमच्यापुरती सहा वर्षांपर्यंत गोठवलेली राहते. खोलीभाडं आणि खानावळ मात्र वाढतच राहते.

जागांचंही समजून घ्या. २०१७ साली यूसीच्या रीजंट्सनी, म्हणजे नियामक मंडळाने, बाहेरच्या विद्यार्थ्यांवर मर्यादा घातली, बहुतेक कॅम्पससाठी १८ टक्के. त्यात अमेरिकेतली बाकीची राज्यंही आली आणि सगळं जगही आलं. यूसीएलएकडे २०२४ साली पहिल्या वर्षासाठी १ लाख ४५ हजारांहून जास्त अर्ज आले, प्रवेश जेमतेम ९ टक्क्यांना मिळाला. तेव्हा यादीत नुसती बर्कली आणि यूसीएलए ठेवणं म्हणजे एकाच लॉटरीची दोन तिकिटं काढणं. रिव्हरसाइड आणि मर्सेडला नाकं मुरडणारे पालक मला दरवर्षी भेटतात. पदवीवर नाव युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचंच येतं, आणि मर्सेडला प्राध्यापक तुम्हाला नावाने ओळखतील ही शक्यता बरीच जास्त.

(एच-४ वर, म्हणजे आईबाबांच्या नोकरीच्या व्हिसाच्या आधाराने, इथेच वाढलेल्या मुलांचा रहिवासाचा प्रश्न वेगळा आहे. त्यांनी कॅम्पसच्या रेसिडेन्सी ऑफिसलाच विचारावं, सोसायटीतल्या काकांना नाही.)

या फॉर्मचा स्वभाव

पुढचं सगळं कळायला ही एक गोष्ट पक्की डोक्यात हवी. यूसीला अर्जाबरोबर मार्कलिस्ट लागत नाही. शिफारसपत्र लागत नाही. एखादा कॅम्पस काही जणांकडे नंतर मागतो, तेवढंच. एसएटी या अमेरिकेतल्या प्रवेश परीक्षेचे मार्क प्रवेशासाठी बघतच नाहीत. दिलेत तरी नाहीत. मुलाखत नाही. प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स नाहीत.

म्हणजे वाचणाऱ्यासमोर असतं ते फक्त तुम्ही टाइप केलेलं. तुमच्या वतीने बोलणारं दुसरं कुणी नाही. आपल्याकडे फॉर्म म्हणजे वरवर भरायचा कागद, खरं काम मागे जोडलेली कागदपत्रं करतात. इथे मागे काही जोडलेलंच नाही. त्यामुळे एखादी गोष्ट फॉर्मात आली नाही, तर ती तुमच्या आयुष्यात घडलीच नाही असं समजा.

आणि विश्वासावर चाललंय म्हणून वाढवून लिहायचा मोह झाला, तर हे वाचा. अर्जदारांमधून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे काही जण निवडून यूसी त्यांना डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास पत्र पाठवते: अमुक उपक्रम लिहिलाय, त्याचा पुरावा द्या. उत्तर दिलं नाही तर अर्ज रद्द. प्रवेश मिळाल्यावर अस्सल मार्कलिस्ट मागतातच, आणि आकडे जुळले नाहीत तर दिलेला प्रवेश काढून घेतात.

तारखा

फॉर्म १ ऑगस्टला उघडतो. भरून ठेवता येतो, पण सबमिट १ ऑक्टोबरपासून. शेवटची तारीख ३० नोव्हेंबर. ती शनिवार-रविवारी आली की पुढे सरकते: २०२४ साली २ डिसेंबर होती, २०२५ साली १ डिसेंबर. वेळ रात्री ११:५९ ची, पण कॅलिफोर्नियाच्या घड्याळाने. आपल्याकडे तेव्हा दुसऱ्या दिवशीचे दुपारचे १:२९ वाजलेले असतात. हे कळल्यावर पोरं "अजून अर्धा दिवस आहे" म्हणून निवांत होतात आणि मग बँकेचा ओटीपी येत नाही. दिवाळीच्या आधी मसुदा, दिवाळीच्या सुट्टीत दुरुस्ती आणि २० नोव्हेंबरच्या आत सबमिट, असं वेळापत्रक धरा.

इथे अर्ली डिसिजन, म्हणजे लवकर अर्ज आणि लवकर निकाल, नावाचा प्रकार नाही. १ ऑक्टोबरला भरलेला आणि शेवटच्या दिवशी भरलेला अर्ज सारखाच वाचला जातो.

पायरी पहिली: नाव

हसू नका. आपल्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर बहुतेकांचं स्वतःचं आणि वडिलांचं नाव मिळून "गिव्हन नेम" झालेलं असतं. फॉर्मात पासपोर्टप्रमाणेच लिहा, अक्षर न् अक्षर. मार्कलिस्टवर स्पेलिंग वेगळं असेल तर तेही पर्यायी नाव म्हणून नोंदवा, नाहीतर जुलैत तुमची मार्कलिस्ट त्यांच्याकडे पोचते आणि बेवारस पडून राहते. ईमेल शाळेचा देऊ नका, आईबाबांचाही नको. मुलाचा स्वतःचा, पुढची चार-पाच वर्षं टिकणारा द्या.

पायरी दुसरी: शाळा, आणि "ज्युनियर कॉलेज"चा सापळा

महाराष्ट्र बोर्डाच्या मुलांची सगळ्यात महागडी चूक ही. आपण अकरावी-बारावीला ज्युनियर कॉलेज म्हणतो. अमेरिकेत ज्युनियर कॉलेज म्हणजे बारावीनंतरचं दोन वर्षांचं कॉलेज. फॉर्म विचारतो, "तुम्ही कॉलेजात शिकला आहात का?" आणि आपलं पोरगं प्रामाणिकपणे "हो" म्हणतं. झालं, तिथून फॉर्म भलत्याच वाटेला लागतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं की याची पदवी सुरू झालेली आहे.

अकरावी-बारावी म्हणजे यूसीच्या लेखी हायस्कूलच. नववी-दहावीची शाळा ही पहिली नोंद, ज्युनियर कॉलेज ही दुसरी, दोन्ही हायस्कूल या सदरात. कॉलेजच्या प्रश्नाला उत्तर "नाही". पुढे जो स्पष्टीकरणाचा रकाना येतो, त्यात एक ओळ टाका की महाराष्ट्रात अकरावी-बारावीच्या उच्च माध्यमिक शाळेला ज्युनियर कॉलेज म्हणतात आणि दहावीनंतर संस्था बदलणं ही इथली नेहमीची रीत आहे. नाहीतर याने शाळा का सोडली, अशी शंका उगाच राहते.

पायरी तिसरी: विषय आणि मार्क

नववी ते बारावी, प्रत्येक वर्षाचा प्रत्येक विषय आणि त्याचे मार्क. जसे छापलेत तसेच. टक्क्यांचे जीपीए (अमेरिकेतली चारच्या मापावरची सरासरी) करायला इंटरनेटवर यंत्रं मिळतात. त्यांच्या नादी लागू नका, यूसीच सांगते की रूपांतर करू नका. रूपांतर करायला त्यांची माणसं आहेत, आणि त्यांना आपलं बोर्ड ठाऊक आहे.

आता दहावीचं. आपली टक्केवारी "बेस्ट ऑफ फाइव्ह"ची असते, म्हणजे सहातला सगळ्यात कमी मार्कांचा विषय गळतो. फॉर्मात सहाही लिहायचे. हिंदीत ६१ असतील तर ६१. चित्रकलेच्या किंवा खेळाच्या वाढीव गुणांमुळे एकूण बेरीज फुगलेली असेल तर तिच्याकडे बघायचंच नाही, विषयवार आकडेच टाकायचे. बारावी चालू असते, तेव्हा तिथे मार्कांऐवजी "चालू आहे" अशी खूण करायची सोय आहे.

खरी गोम अकरावीत आहे. यूसी प्रवेशासाठी सरासरी काढते ती मुख्यतः दहावी आणि अकरावीच्या मार्कांवर. किमान अट कॅलिफोर्नियाच्या मुलांना ३.०, बाहेरच्यांना ३.४, आणि नावाजलेल्या कॅम्पसला प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी वर लागते. आणि आपल्याकडे अकरावी म्हणजे काय? विश्रांतीचं वर्ष. जेईई-सीईटीच्या क्लासशी "इंटिग्रेटेड" असलेल्या कॉलेजात नाव घातलेलं, वर्गाचं तोंड पाहिलेलं नाही, वार्षिक परीक्षेला जाऊन पंचावन्न टक्के आणले आणि कुणी विचारलंही नाही. इथे विचारतात. मूल आत्ता दहावीत असेल आणि अमेरिकेचा विचार डोक्यात असेल, तर या लेखातली ही एकच गोष्ट आज उपयोगाची आहे: अकरावीची परीक्षा मनावर घ्या आणि ती मार्कलिस्ट जपून ठेवा. पोरांकडे दहावीचं सर्टिफिकेट लॅमिनेट केलेलं असतं आणि अकरावीचा कागद कुठे गेला ते सापडत नाही.

यूसीची विषयांचीही एक यादी आहे, तिला "ए टू जी" म्हणतात. इंग्रजी चार वर्षं, गणित तीन, प्रयोगशाळेसह विज्ञान दोन, इतिहास-समाजशास्त्र दोन, इंग्रजीखेरीज दुसरी भाषा दोन, कला एक आणि ऐच्छिक एक. सायन्सच्या मुलाचं बहुतेक सगळं आपोआप बसतं. समाजशास्त्र नववी-दहावीत होऊन जातं. दुसऱ्या भाषेला अमेरिकन मुलं दोन-दोन वर्षं स्पॅनिश घोकतात, आपल्या मुलांनी मराठी-हिंदी शाळेत शिकलेलीच असते. ती अभिमानाने लिहा. "त्यात काय, ती तर मातृभाषा" म्हणून वगळलेली मी पाहिली आहे. अडतं ते कलेपाशी, कारण आपल्या वेळापत्रकात ती नसते. परदेशी मुलांना आपापल्या देशाच्या अभ्यासक्रमानुसार तोललं जातं, त्यामुळे एवढ्यावरून दार बंद होत नाही. पण एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिली असेल किंवा गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा झाल्या असतील, तर त्या कपाटात ठेवू नका. पुढच्या भागात "इतर अभ्यासक्रम" या सदरात त्या बसतात.

इंग्रजीच्या परीक्षेबद्दल थोडक्यात. आयईएलटीएसला किमान ६.५ किंवा डुओलिंगोला ११५. पूर्ण इंग्रजी माध्यमातून शिकलेल्यांना सहसा गरज पडत नाही. सेमी-इंग्लिशवाल्यांनी मात्र देऊन टाकावी. सेमी-इंग्लिश म्हणजे काय, हे कॅलिफोर्नियात बसलेल्या माणसाला समजावत बसण्यापेक्षा परीक्षा सोपी पडते.

पायरी चौथी: उपक्रम

वीसपर्यंत नोंदी करता येतात: पुरस्कार, अभ्यासेतर उपक्रम, समाजकार्य, नोकरी, इतर अभ्यासक्रम वगैरे सहा सदरं. वीस भरायलाच हव्यात असं नाही. प्रत्येक उपक्रमाला आठवड्याचे तास, वर्षाचे आठवडे आणि वर्णनाला ३५० अक्षरं. शब्द नव्हे, अक्षरं, तीही मोकळ्या जागा धरून.

पुण्याच्या एका मुलीने लिहिलं होतं: "ढोल-ताशा पथकाची सदस्य, महाराष्ट्राच्या समृद्ध सांस्कृतिक वारशाचं जतन." मी विचारलं, करतेस काय नेमकं? मग हळूहळू बाहेर आलं. गणपतीआधी दोन महिने रोज संध्याकाळी नदीकाठी सराव, आठवड्याचे पंधरा तास, वर्षाचे नऊ आठवडे. पहिल्या वर्षी नुसता ढोल. दुसऱ्या वर्षी नव्या चाळीस जणांची हजेरी आणि पाळ्या हिच्याकडे. ढोलाचं पान फाटलं की ते कुणाकडून, किती दिवसांत, किती पैशांत बदलून आणायचं ते हिच्याकडे. हे लिहिलं आणि वारसा काढून टाकला. ३५० अक्षरांत वारसा मावत नाही, चाळीस जणांची हजेरी मावते.

घरचं कामही इथे लिहायचं असतं. दुकानावर बसणं, आजीला डायलिसिसला नेणं, धाकट्या भावाचा अभ्यास घेणं. पगार मिळत नाही म्हणून ते काम नव्हे, असं यूसी मानत नाही.

पायरी पाचवी: पीआयक्यू

पर्सनल इनसाइट क्वेश्चन्स. आठ प्रश्न, त्यातले कोणतेही चार, प्रत्येकी जास्तीत जास्त ३५० शब्द. नेतृत्व, सर्जनशीलता, सगळ्यात मोठं कौशल्य, शिक्षणातली संधी किंवा अडथळा, आयुष्यातलं मोठं आव्हान, आवडीचा विषय, शाळेसाठी किंवा गावासाठी काय केलंत, आणि आठवा मोकळा. आठही प्रश्नांचं वजन सारखं. अवघड निवडला म्हणून जास्त मार्क असं काही नसतं.

हा निबंध नव्हे. "पहाटेचे पाच वाजले होते, पूर्वेला तांबडं फुटत होतं" अशी सुरुवात करून साठ शब्द आकाशाला देऊ नका. प्रश्न विचारलाय, उत्तर द्या.

माझा एक भाचा तासगावचा. घरची द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड. अभ्यासात चांगला, हवं होतं इंजिनिअरिंग. त्याचं पहिलं उत्तर सुरू व्हायचं ते असं: लहानपणापासून मला तंत्रज्ञानाची अतोनात ओढ आहे आणि तंत्रज्ञानाने समाज बदलतो असा माझा ठाम विश्वास आहे. पुढे तीनशे शब्द तसेच. मी म्हटलं, हे तू लिहिलंस की तुझ्या क्लासच्या सरांनी? तो गप्प.

मग आम्ही गप्पा मारत बसलो. मार्च महिना कसा गेला, विचारलं. म्हणाला, अवकाळी आला होता, शेडवरच झोपायला होतो. बेदाण्याचं कसं असतं, घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढायचे, शेडमध्ये जाळीच्या रॅकवर पसरायचे आणि पंधरा-वीस दिवस सावलीत सुकवायचे. हवा दमट झाली की माल काळा पडतो, आणि काळ्या मालाला भाव नाही. बाजूचे पडदे कधी सोडायचे आणि कधी उचलायचे, हे त्याचे वडील हवेला हात लावून सांगतात. त्या वर्षी वडील दवाखान्यात होते. याने दोन साधे थर्मामीटर आणले, एकाच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलं, दोन आकड्यांतला फरक दर दोन तासांनी वहीत लिहिला, आणि फरक अमुक अंशांच्या खाली आला की पडदे सोडायचे असं ठरवलं. पहिल्या रात्री चुकलं, खालच्या दोन रॅकचा माल गेला. मग थर्मामीटर वरून खाली आणून टांगले.

"अरे, मग हेच लिही की!"

"मावशी, हे काय लिहायचं? हे तर घरचं काम आहे."

तेच लिहिलं. सर्जनशीलतेच्या प्रश्नाला. दोन रॅक गेल्याचंही लिहिलं, ते काढू दिलं नाही मी. रॅक जमिनीपासून किती उंचीवर होते तेही लिहायला लावलं. तंत्रज्ञानाची ओढ हे शब्द आले नाहीत, पण वाचणाऱ्याला ती दिसली असणार.

दुसरी अडचण आपल्या संस्कारांची. मुलं सगळीकडे "आम्ही" लिहितात. आम्ही झाडं लावली, आम्ही स्पर्धा जिंकली. मी-मी करू नये असं घरात शिकवलेलं असतं, आणि ते बरोबरच आहे. पण यूसी प्रवेश "आम्ही"ला देत नाही. त्यात तुम्ही काय केलंत ते लिहा: परवानगीचं पत्र मी लिहिलं, टँकरवाल्याशी मी बोललो. यात फुशारकी नाही, माहिती आहे.

आणि एकच प्रसंग चारही उत्तरांत घोळवू नका. चार उत्तरं म्हणजे चार खिडक्या. एकीतून शेड दिसलं, तर दुसरीतून गणित दिसू दे.

एआयकडून लिहून घ्यायचं का, हा प्रश्न हल्ली पहिलाच येतो. यूसी उत्तरं चोरीसाठी तपासते आणि मजकूर तुमचा स्वतःचा हवा असं बजावते. तो नियम बाजूला ठेवला, तरी दोन रॅकचा माल गेला हे त्या यंत्राला माहीत नसतं.

स्पष्टीकरणासाठी आणखी मोकळे रकाने आहेत, सुमारे ५५० शब्दांचे. ते पाचवा निबंध म्हणून भरायचे नाहीत. ज्युनियर कॉलेजची ओळ, अकरावीचे प्रवेश लांबल्याने वर्ष उशिरा सुरू झालं असेल तर ते, आजारपणाने एखादी चाचणी बुडाली असेल तर ते. कोरडं लिहा. सांगण्यासारखं काही नसेल तर रिकामे सोडा.

पायरी सहावी: कॅम्पस, शाखा, पैसे

प्रत्येक कॅम्पसला परदेशी अर्जदाराला ९५ डॉलर. चार कॅम्पस म्हणजे ३८० डॉलर. डॉलर ८५-९० रुपये धरला तर ३२ ते ३४ हजार रुपये झाले. फी माफी फक्त तिकडच्या रहिवाशांना. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहे ना, हे आधी बँकेत विचारून घ्या.

कोणत्या कॅम्पसला अजून कुठे अर्ज केलाय ते दुसऱ्याला दिसत नाही, त्यामुळे पसंतीक्रमाची चिंता नको. शाखेचा विचार मात्र कॅम्पसगणिक करा. इंजिनिअरिंग आणि कॉम्प्युटर सायन्सला जवळपास सगळीकडे शाखेनुसार निवड होते, आणि आत गेल्यावर तिथे शाखा बदलून घेणं फार अवघड. "आधी सोप्या शाखेत घुसू, मग कॉम्प्युटर घेऊ" ही आपली युक्ती त्यांना आपल्याआधीपासून माहीत आहे. दुसऱ्या पसंतीची शाखा काही कॅम्पस बघतात, काही बघत नाहीत. ज्याच्या त्याच्या पानावर लिहिलेलं असतं.

सबमिट करण्याआधी पूर्ण फॉर्मची पीडीएफ काढून कागदावर छापा आणि मोठ्याने वाचा. नंतर पीआयक्यूला हात लावता येत नाही. फोन, पत्ता, ईमेल, नव्या परीक्षांचे मार्क एवढंच बदलता येतं, आणि मुदत संपेपर्यंत कॅम्पस वाढवता येतात.

सबमिटनंतर

काही दिवसांत प्रत्येक कॅम्पस ईमेलवर आपापल्या पोर्टलचं लॉगिन पाठवतं. ते स्पॅममध्ये जातं, तिकडे बघत राहा. निकाल मार्चअखेरपर्यंत लागतात. वेटलिस्ट आली तर तिच्यात राहायचंय हे स्वतःहून कळवावं लागतं, आपोआप काही होत नाही. होकार १ मेपर्यंत द्यायचा, त्याचबरोबर कॅम्पसनुसार शे-अडीचशे डॉलरची अनामत भरायची.

आता पुन्हा बोर्ड. अंतिम मार्कलिस्ट १ जुलैपर्यंत पोचायला हवी, आणि ती शाळेकडून थेट, बंद पाकिटात किंवा शाळेच्या अधिकृत ईमेलवरून. भाच्याच्या वेळी कॉलेजच्या ऑफिसात "ट्रान्सक्रिप्ट म्हणजे काय?" इथून सुरुवात झाली (शाळेने सही-शिक्क्यानिशी दिलेला मार्कांचा उतारा). तीन खेपा झाल्या, शेवटी आम्हीच एक नमुना टाइप करून नेला, वर लेटरहेड, खाली सही-शिक्का, पाकिटाच्या जोडावरही शिक्का. तुम्ही हा नमुना मे महिन्यातच तयार ठेवा आणि साहेब सुट्टीवर कधी जाणार तेही विचारून ठेवा. बारावीत मार्क घसरले किंवा एखादा विषय सोडला, तर लपवू नका. त्यांनी विचारायच्या आधी पोर्टलवरून कळवा. स्वतःहून कळवणाऱ्याचं ऐकून घेतात.

होकार दिल्यावर कॅम्पस बँकेचे कागद मागतं, पहिल्या वर्षाचा खर्च दिसेल एवढी शिल्लक किंवा कर्जाचं मंजुरीपत्र. त्यावरून आय-ट्वेंटी, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी कॅम्पसने द्यायचा कागद, येतो. मग सेव्हिसची (अमेरिकी सरकारकडची परदेशी विद्यार्थ्यांची नोंदणी) ३५० डॉलर फी, डीएस-१६० हा व्हिसाचा फॉर्म, १८५ डॉलर व्हिसा फी, आणि मुंबईच्या बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखत. तारखा उन्हाळ्यात पटापट भरतात. बर्कली आणि मर्सेडला सेमिस्टर पद्धत आहे, वर्ग ऑगस्टमध्येच सुरू होतात. बाकीच्या सात कॅम्पसना क्वार्टर, म्हणजे तिमाही पद्धत, ते सप्टेंबरच्या शेवटी उघडतात. मुलाखतीची तारीख उशिराची मिळाली तर हा महिना मोलाचा ठरतो.

आणि सगळीकडून नकार आला तर

एक बाजूचं दार आहे, आणि आपल्याकडे त्याची चर्चाच होत नाही. कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत, आणि परदेशी मुलांनाही ती घेतात. तिथे दोन वर्षं, यूसीच्या मानाने खूपच कमी फीत, आणि मग तिसऱ्या वर्षाला यूसी. डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ हे सहा कॅम्पस तर ठरलेले विषय आणि ठरलेले मार्क असतील तर लेखी हमी देतात, तिला टॅग म्हणतात. काही शाखा त्यातून वगळलेल्या असतात, तेवढं तपासून घ्या. बर्कली आणि यूसीएलए हमी देत नाहीत, पण या वाटेने मुलं घेतात, आणि भरपूर घेतात.

गंमत म्हणजे या कॉलेजांनाच इथे ज्युनियर कॉलेज म्हणायची पद्धत होती. तेव्हा तुमच्या मुलाच्या फॉर्मात त्या प्रश्नाला खरोखरच "हो" लिहायची वेळ येईल, ती दोन वर्षांनी, ट्रान्सफरच्या अर्जात.